चिठ्ठी नसलेल्या चार बाटल्या

झाकण उघडण्याआधी ताई त्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायची, दारावर टकटक करावी तशी. खाली पडलेली वस्तू कधी वाकून उचलायची नाही. मान ताठ ठेवून, गुडघे मोडून, डोक्यावर भरला हंडा असल्यासारखी खाली जायची. चप्पल पलंगाखाली गेली तर पायाने ओढायची. तिच्याकडे तीन रुमाल असायचे: एक बाहीत, एक कमरेला, एक दुसऱ्याला द्यायला. ऐकताना तोंड किंचित उघडं. जेवताना मीठ आधी घ्यायची, चव नंतर. दोन उशा लागायच्या आणि त्यांवर ती आडवी व्हायची नाही, टेकून बसायची. सकाळी पहिला गार कॅन आला की त्याला कपाळ टेकवायची. कोणी पाहिलंच तर म्हणायची, दूध किती गार आहे ते बघतेय.

मी हे सगळं दोन वर्षं पाहिलं. ती टकटक सोडली तर बाकी साऱ्यामागे कारण एकच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

ताई दुधाच्या डेअरीत वास घ्यायचं काम करायची. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण काम एवढंच. सकाळी सहाला गाड्या लागायच्या. कॅन रोलरवरून सरकत सिमेंटच्या ओट्यावर यायचे. ताई झाकण उचलायची, उलटं करून नाकाशी न्यायची, लांब दांड्याच्या पळीने दूध ढवळायची आणि हात करायची. डावीकडे म्हणजे पुढे जाऊ द्या. उजवीकडे म्हणजे परत. प्रयोगशाळेत दुधातलं पाणी कळतं, आंबटपणा कळतो, स्निग्धांश कळतो. पण गायीने काय खाल्लं, कॅन कशाने धुतला, तो कोणत्या खोलीत उभा होता, हे यंत्राला कळत नाही. ताईला कळायचं. तीस वर्षं कळत होतं. गाडीवाले तिला 'नाक' म्हणायचे. नाक आलं का, असं विचारतच ते खाली उतरायचे आणि ती नाक मुरडेल या भीतीने कॅन दोनदा विसळून आणायचे.

मी तिच्या शेजारी वही घेऊन उभी असायचे. साहित्याची पदवी घेतल्यावर मिळालेलं हे माझं पहिलं काम. कॅनचा नंबर, वेळ, पुढे की परत. तात्पुरती नेमणूक, दर तीन महिन्यांनी वाढणारी. पहिल्याच दिवशी एक गाडीवाला म्हणाला की कविता करायला वही झकास मिळाली आहे. ताईने त्याचा पुढचा कॅन उजवीकडे ढकलला. वास घेतलाच नाही. मग माझ्याकडे बघून परत डावीकडे घेतला.

मी तिला ताई म्हणायचे, कारण सगळेच म्हणायचे. वयाने ती माझ्या आईपेक्षा मोठी. आठवड्याभराने तिने मला टोकलं.

"ताई म्हणतेस आणि अहो-जाहो करतेस. एक काहीतरी ठरव."

मी ताई ठरवलं.

तिसऱ्या महिन्यात एक कॅन पुढे गेला आणि मी सहज म्हटलं की याला फिनेलसारखा वास येतोय. ताईचा हात हवेतच थांबला. तिने कॅन मागे बोलावला. झाकण पुन्हा नाकाशी नेलं, बराच वेळ ठेवलं आणि उजवीकडे हात केला. काम संपल्यावर कॅन धुवायच्या कोपऱ्यात, वाफेत, तिने मला सांगितलं. चार वर्षं झाली होती. तिला वास येत नव्हता. आधी यायचा-जायचा, मग गेलाच.

चार वर्षं काय केलंस, मी विचारलं.

तिने माणसं हुंगली होती. कोणाची गाय कोणत्या कुरणात जाते ते तिला ठाऊक होतं. कोणाच्या घरी आजारपण आहे आणि कॅन घाईत धुतला जातो, कोणता गाडीवाला वाटेत उन्हात थांबतो, कोण झाकण उघडताना दुसरीकडे बघतो, सगळं ठाऊक होतं. पळीवरची साय कशी फाटते ते बघायची. गुपचूप जिभेला थेंब लावायची. तोपर्यंत तरी तेवढ्यावर निभावलं होतं.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. ती झाकण हुंगून माझ्या हातात द्यायची, जणू पळी धरायला दोन्ही हात हवेत. मी ते छातीशी धरून श्वास घ्यायचे. चांगलं असेल तर पेन वहीवर एकदा टेकवायचं. खराब असेल तर दोनदा. नक्की नसेल तर पान उलटायचं. मग ती हात करायची. लोक म्हणायचे, ताई हिला तयार करतेय. ते खोटं नव्हतंच.

खुणा वाढत गेल्या. प्रयोगशाळेचे साहेब ओट्यावर आले की पेन टेकवायचं नाही, फक्त टोपण: चांगलं असेल तर लावायचं, खराब असेल तर काढायचं. कोणी फार जवळ आलं तर ताई भलतंच काहीतरी बोलायची आणि मी त्यातून अर्थ काढायचा. "आज वारा आहे" म्हणजे तू आधी हुंग. "माझा चष्मा कुठाय" म्हणजे पुन्हा सांग. तिला चष्मा नव्हता. आम्ही दोघी नाकासमोर चालणाऱ्या बायका, आणि पूर्ण डेअरीच्या नाकाखाली हे करत होतो. ताईला त्याचं हसू यायचं. हसली की डोकं धरायची.

डोकं. ते वास जाण्याच्याही आधीपासून होतं. अकरा वर्षं. भुवयांच्या वर, डोळ्यांच्या मागे, सकाळी जास्त, वाकलं की असह्य. तिने डोळे तपासून घेतले होते. पोटासाठी औषध घेतलं होतं. अर्धशिशी म्हणून गोळ्या खाल्ल्या होत्या, कोणी रक्त तपासलं, कोणी मान. एका डॉक्टरांनी विचारलं होतं की घरी काही ताण आहे का. घरी भाऊजी होते.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, घरातच शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. पुढच्या खोलीत सुटी चाकं, पट्टे, तेलाच्या कुप्या. मागच्या खोलीत पलंग, कपाट आणि त्या दोन उशा. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. सगळ्यांचं डोकं दुखतं, हिचं एकटीचं नोकरीला लागलंय, रजा न घेता, असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. भाजीत मीठ जास्त झालं की न बोलता पाणी ओतून घ्यायचे. वास गेल्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती नेहमीच शेंबडी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मी तिला नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे हाताला धरून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. त्यांनी विचारलं की डोकं दिवसात कधी दुखतं. ताई माझ्याकडे बघत राहिली. कसं दुखतं हे सगळ्यांनी विचारलं होतं. कधी, हे कोणी विचारलं नव्हतं.

कपाळाच्या आणि गालांच्या हाडांत पोकळ खोल्या असतात, बाई म्हणाल्या. त्यांच्या खिडक्या नाकात उघडतात. ताईच्या खिडक्या बंद होत्या. आत द्राक्षांच्या घडासारखी मांसाची वाढ आणि वर्षानुवर्षांचा साठा. वास तिथेच अडला होता. डोकंही बहुधा तिथूनच दुखत होतं. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या रुग्णालयात एक अभ्यास चालू होता. नाकाचा जुना आजार आणि डोकेदुखी असलेल्या माणसांच्या मेंदूत रक्त कसं पोचतं, ते शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासायचं. दंडात सुई, मग यंत्राखाली स्वस्थ पडून राहायचं. ताई तयार झाली. तेवढा वेळ आडवं पडून दुखलं तरी तिला चालणार होतं.

चित्र रंगीत होतं. मेंदूचा बराच भाग लाल-पिवळा आणि कपाळामागे दोन फिकट निळे डाग. तिथे रक्त कमी पोचतंय असं दिसतं, बाई म्हणाल्या. नाकामुळे, दुखण्यामुळे की आणखी कशामुळे, ते अजून आम्हालाच सांगता येत नाही. म्हणून तर बघतोय.

ताईने चित्र दोन्ही हातांनी धरलं होतं.

"म्हणजे ते आहे," ती म्हणाली. "दुखतं ते आहे."

घरी येऊन तिने ते भाऊजींसमोर ठेवलं. भाऊजींनी हातातला पेचकस खाली ठेवला. बराच वेळ निळ्या डागांकडे बघितलं. मग म्हणाले की काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी अकरा वर्षं आपण डोळ्यांत आणि पोटात शोधत बसलो. त्यात 'आपण' होतं. ताईने ते ऐकलं. चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्यानंतर भाऊजी डोक्यावरून काही बोलले नाहीत.

शस्त्रक्रियेची तारीख महिन्याभरातली मिळाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की लांबवू नका, या खोल्या आणि मेंदू यांच्यात अंड्याच्या कवचाएवढी भिंत असते.

ताईने लांबवलं.

कारण सरळ होतं. रजेच्या अर्जाला डॉक्टरांचा कागद जोडावा लागणार होता आणि कागदावर वास येत नाही असं लिहिलेलं असणार होतं. त्या दिवशी तिची जागा गेली असती. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. पण तेवढंच असतं तर ती थांबली नसती, असं मला आता वाटतं. डेअरीने आणखी एक वास घेणारं माणूस कायम नेमायचं ठरवलं होतं. परीक्षा अडीच महिन्यांवर होती. दहा पेले, डोळ्यांवर पट्टी, कोणत्या दुधात काय दोष आहे ते सांगायचं. मला चांगलं आणि वाईट कळत होतं. वाईट कशाने, ते कळत नव्हतं. ते शिकवणारी एकटी ताई.

परीक्षा होऊ दे, मग खुशाल नाक कापून घेईन, असं ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मी तिला आधी जा म्हटलं. म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्यात थांब होतं. दोघींनाही ते ऐकू आलं. तारीख एकदा पुढे गेली. मग दुसऱ्यांदा.

दुपारी मी तिच्या मागच्या खोलीत शिकायला जायचे. तिने औषधाच्या बारा रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या होत्या. प्रत्येकीत ती एक दोष बनवायची. पाण्यात गंजके खिळे. ओलं गवत दाबून दोन दिवस. पातेल्याच्या तळाला लागलेली खरपुडी. तिला स्वतःला काहीच येत नव्हतं. ती आठवणीने बनवायची आणि मला विचारायची, किती आहे, पुढच्या दारातून आल्यासारखा ठळक की मागच्या दारातून आल्यासारखा पुसट. दुधात येतो तसा, मागच्या दारातून आल्यासारखा झाला की बूच लावायची.

चिठ्ठ्या तिने आधीच कापून ठेवल्या होत्या, पण चिकटवत नव्हती.

"चिठ्ठी आधी लावली की नाक वाचायला लागतं," ती म्हणाली. "आधी तुझं तू सांग. माझ्या मनातलं आणि तुझं जुळलं की लावू."

मी सांगायचे. सुरुवातीला मी पुस्तकी बोलायचे. कुबट, उग्र, शिळकट. ती मान हलवायची. हे सगळ्यालाच म्हणतात, कुठे आलाय हा वास ते सांग. एकदा मी कंटाळून म्हटलं, बंद कपाटात विसरलेला ओला टॉवेल. ताईने चिठ्ठी घेतली, नेमकं तेच लिहिलं आणि बाटलीला लावली. मग एकेक जमत गेलं. 'नाणी मोजलेला हात.' 'शेजारी कोणीतरी कांदा चिरतंय.' 'उन्हात ठेवलेली मेणबत्ती.' पाच वर्षं मी साहित्य शिकले. शब्द तिथे मिळाले. भाऊजी पुढच्या खोलीतून विचारायचे, विदुषी, आज काय हुंगलं.

परीक्षेला नऊ दिवस राहिले तेव्हा आठ बाटल्यांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. चार राहिल्या होत्या. त्या मला येत नव्हत्या.

त्या सकाळी ताई आली तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी सुजली होती. काहीतरी चावलं असेल, म्हणाली. अंग तापलं होतं. पहिल्या कॅनला कपाळ टेकवलं ते बराच वेळ. घरी जा म्हटलं, तर म्हणाली, आज चाळीसच कॅन आहेत, भाऊजींना काही सांगू नकोस. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला ती सवय झाली होती.

पावणेनऊला साहेब ओट्यावर आले. ताईने झाकण उचललं, हुंगल्यासारखं केलं, माझ्याकडे दिलं.

"चावी घे," ती म्हणाली.

मी झाकण घेतलं. मला वाटलं, साहेब आहेत म्हणून नवी खूण. मी टोपण लावलं. तिने डावीकडे हात केला. पुढच्या कॅनला पुन्हा चावी म्हणाली. मग पळीला चावी म्हणाली. साहेब निघून गेले तरी म्हणत राहिली. मी मनात जुळवत होते: झाकणाला चावी म्हणजे तू हुंग, पळीला चावी म्हणजे थांब. अगदी बसत होतं. ज्याला खुणांची सवय लागते त्याला सगळंच बसतं. एकदा तिने माझ्या डोळ्यांत बघून लांबलचक काहीतरी सांगितलं, त्यात एकही शब्द जागेवर नव्हता. मी हसून मान डोलावली. कोणी ऐकत असेल म्हणून.

दहाला ती रिकाम्या क्रेटवर बसली. उजवा हात उचलेना.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. कपाळाच्या खोलीतला पू भिंतीपलीकडे गेला होता. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. रक्त येत होतं, जायला वाट नव्हती. त्यांनी विचारलं की बोलणं कधीपासून बिघडलं. भाऊजी म्हणाले, दहा. मी म्हटलं, पावणेनऊ. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं. वास, पेन, टोपण, चावी. तिथेच, जिन्याजवळ, लोक ये-जा करत असताना. तेवढ्या वेळाने काही फरक पडला असता का, ते मी विचारलं. सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. त्या कोणालाच खोटं सांगत नसत.

पाच आठवडे गेले. गाठ विरघळली. नाकही त्यांनी साफ केलं, जे आधी करायचं होतं ते. हात परत आला. शब्द आले नाहीत; ना बोलायला, ना लिहायला.

त्या पाच आठवड्यांतच परीक्षा आली. आदल्या दिवशी मी रुग्णालयातच होते. जाणार नाही, असं भाऊजींना सांगितलं. ते ताईचे रुमाल घडी करत होते. तिन्ही.

"जा," ते म्हणाले. "तिने कशासाठी लांबवलं होतं? निदान ते तरी होऊ दे." थोड्या वेळाने म्हणाले, "माझ्यावर उपकार नको करूस. मी रागावलोय. तरी जा."

मी गेले. दहापैकी सहा ओळखले. साहेब म्हणाले, ताईच्या हाताखालची आहे, कळतंच. त्यांना मी सगळं सांगणार होते. सांगितलं नाही. अजून सांगितलं नाही. आता सकाळी सहाला ओट्यावर मी उभी असते. झाकणावर दोनदा वाजवते. गाडीवाले मला अजून नाक म्हणत नाहीत. तेच बरं आहे.

मागच्या आठवड्यात अभ्यासातलं दुसरं चित्र निघालं. कपाळामागचे निळे डाग जवळजवळ गेलेत. डाव्या बाजूला, कानाच्या वर, एक काळा आहे, तो नवीन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एका माणसावरून काही ठरवता येत नाही आणि या चित्रावरून तर नाहीच, हे अभ्यासात धरता येणार नाही. भाऊजींनी ते पहिल्या चित्राशेजारी चिकटवलं.

ताई घरी आहे. दुपारी मी जाते. परवा तिची चप्पल पलंगाखाली गेली, तेव्हा ती वाकली. कमरेतून, सरळ, डोकं खाली घालून, आणि चप्पल हाताने काढली. मी आणि भाऊजी बघत राहिलो. तिने कपाळ धरलं नाही. एका उशीवर झोपते, भाऊजी म्हणाले. भाजीत मीठ बरोबर असतं, पण आता भाजी तेच करतात. वास येतो का, ते कळत नाही. विचारलं की ती चावी म्हणते. नाही म्हणायचं असलं तरी चावी. कधीकधी तिला ते ऐकू येतं आणि ती गप्प होते.

बाटल्या खिडकीत आहेत. आठांना चिठ्ठ्या आहेत. काल तिने उरलेल्या चारांतली एक उचलली, बूच काढलं, आधी स्वतःच्या नाकाशी नेली, मग माझ्या. थांबली. मी म्हटलं, भिजलेली वही. तिने मान हलवली. मी म्हटलं, धुतलेली फरशी. मान हलवली. गाडीची ताडपत्री. नाही. लोकरीचं काहीतरी. तिने माझ्याकडे असं बघितलं की जवळ आले असावे. ती तोंड उघडून थांबली. मीही थांबले. पुढच्या खोलीत यंत्र थांबलं.

मग तिने बूच लावलं आणि बाटली जागेवर ठेवली. चार चिठ्ठ्या कापलेल्या आहेत, पेन्सिलीखाली दाबून ठेवल्या आहेत. दोष काय आहेत ते तिला ठाऊक आहे. लिहायचं तेवढं राहिलं आहे.